मुलांच्या पुस्तकातल्या जादूवर आक्षेप आला तर काय करायचं

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या सोसायटीत मी दर शनिवारी संध्याकाळी मुलांना गोष्टी वाचून दाखवते, आठ ते बारा वयाची पोरं, कधी दहा येतात कधी चारच. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी जादूच्या शाळेची गोष्ट घेतली आणि तिसऱ्या दिवशी ग्रुपवर एका काकूंचा व्हॉइस मेसेज आला, की मुलांना मंत्रतंत्र शिकवणं बंद करा, आमच्या धर्मात हे चालत नाही. मी काय केलं तर हसण्याचा इमोजी टाकला! पुढच्या शनिवारी तीन मुलं कमी. तेव्हापासून अशा वेळी काय करायचं हे मी चुकत चुकत शिकलेय, ते लिहून ठेवते, कुणा ताई-दादाला उपयोग होईल.

पहिली गोष्ट, लगेच उत्तर देऊ नका, आणि ग्रुपवर तर मुळीच नको. घरी जा, चहा घ्या आणि एकच विचारा, "तुम्हाला नक्की कशाची काळजी वाटतेय?" कारण "हे धर्मात बसत नाही" या एका वाक्याखाली चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात. कुणाला वाटतं जादू खरी असते आणि तिला हात लावला की बाधा होते. कुणाला वाटतं जादू खोटी आहे पण देवाने मना केलीय. कुणाचं म्हणणं, आपल्याकडे एवढ्या गोष्टी असताना परदेशी चेटकिणी कशाला. आणि कधी कधी तर धर्म वगैरे काही नसतं, पोरगं रात्री घाबरून उठतंय आणि आईची झोप मोडतेय एवढंच असतं. त्याला उपाय म्हणजे तेवढा भाग दिवसा वाचायचा, संपलं. प्रत्येकाला एकच उत्तर दिलं तर कुणालाच ते आपल्याला दिलंय असं वाटत नाही.

"अहो गोष्टच तर आहे" हे वाक्य तर टाळाच. ज्या घरात गोष्ट म्हणजे पोथी असते तिथे हे फार लागतं.

आता चर्चला जाणारं घर असेल तर. नाशिकला ही घरं कालपरवाची नाहीत, शरणपूरची मिशनची वसाहत १८५४ ची, नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत केवढी गर्दी होते ते आपण बघतोच. त्यांचा आक्षेप हवेतला नसतो. बायबलमध्ये अनुवाद या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात जादूटोणा, शकुन बघणं, मेलेल्यांना विचारणं याला स्पष्ट मनाई आहे, आणि प्रेषितांची कृत्ये मध्ये एकोणिसाव्या अध्यायात इफिस शहरातल्या लोकांनी आपली जादूची पुस्तकं आणून सगळ्यांसमोर जाळली, त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली असं लिहिलंय. म्हणून डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोला एका चर्चने हॅरी पॉटर जाळलं किंवा २०१९ ला पोलंडमध्ये पाद्र्यांनी तेच केलं, तेव्हा ते त्यांच्या डोक्यात कुठून आलं हे कळतं. पटायला पाहिजे असं नाही, मला तर पुस्तक जाळणं बघवत नाही, पण समोरच्याला वेडा म्हणण्याआधी हे माहीत असावं.

अशा आई-बाबांशी बोलताना मला एक प्रश्न फार कामाला आला: गोष्टीतली मुलं कुणाला बोलावतायत का? म्हणजे भूत, सैतान, कुठली तरी शक्ती, तिच्याकडे मागून काम करून घेतायत का, की ती ताकद त्यांच्यात जन्मतःच आहे, एखाद्याचा गळा गोड असतो तशी? बहुतेक मुलांच्या पुस्तकात दुसरा प्रकार असतो, आणि बायबलची मनाई मुख्यतः पहिल्या प्रकाराला आहे असं मानणारे ख्रिस्ती लोकही पुष्कळ आहेत. दुसरं, नार्निया लिहिणारे लुईस श्रद्धाळू ख्रिस्ती होते, लॉर्ड ऑफ द रिंग्जवाले टोल्किन कॅथलिक होते, दोघांच्या पुस्तकात जादू भरपूर, आणि ही पुस्तकं चर्चवाल्या घरातही चालतात. हॅरी पॉटरच्या शेवटच्या भागात, २००७ च्या, त्याच्या आईवडिलांच्या थडग्यावर जे वाक्य कोरलंय, शेवटचा शत्रू जो नष्ट होईल तो मृत्यू, ते सरळ बायबलमधलं आहे, करिंथकरांस पहिल्या पत्रातलं. हे मी एका आईला दाखवलं तर त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "आधी मी वाचते मग सांगते." वाचून नाहीच म्हणाल्या, पण निदान वाचून म्हणाल्या, आणि आता त्यांची मुलगी बाकीच्या शनिवारी येते.

जुन्या नाशकातून एक मुलगा येतो, त्याची अम्मी म्हणाली जिन्नच्या गोष्टी ठीक, पण पोराने तोंडाने मंत्र म्हणायचा नाही, सिहर, म्हणजे जादूटोणा, हे मोठं पाप. कुराणात सूरह बकराच्या १०२ व्या आयतीत बाबिलमधल्या हारूत आणि मारूत या दोन फरिश्त्यांचा उल्लेख आहे, ते जादू शिकवण्याआधी सांगायचे की आम्ही फक्त परीक्षा आहोत. त्यांना वाचायला हरकत नव्हती, उच्चारायला होती. मग काय, मंत्राच्या जागी आम्ही सगळेच टाळी वाजवतो. पोरांना टाळीच जास्त आवडली.

सगळ्यात जास्त वेळ मात्र लागतो तो आपल्याच घरात. माझ्या सासूबाई श्रावणात नवनाथ भक्तिसारचं पारायण करतात. त्यांनी "असलं घरात नको" म्हटल्यावर मी शहाणपणा केला, म्हटलं आई, तुमच्या पोथीत उकिरड्यावर टाकलेल्या भस्मातून बारा वर्षांनी गोरखनाथ निघतात, मग ती काय जादू नाही? दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि चूक माझीच होती. त्यांच्या लेखी ती जादू नाहीच, ती नाथांची कृपा, सिद्धी. मी त्यांच्या श्रद्धेला चेटकाच्या रांगेत नेऊन बसवलं होतं. तेव्हा हा डाव कुणी टाकू नका, जिंकलात तरी हरता.

त्याऐवजी मी काय केलं, त्यांनाच एका शनिवारी खाली बोलावलं. म्हटलं तुम्ही सांगा. त्यांनी चांगदेवांची गोष्ट सांगितली, चौदाशे वर्षं जगलेले, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन आले आणि ज्ञानेश्वरांसकट चारही भावंडं भिंतीवर बसलेली, ती भिंतच चालायला लागली. त्यातल्या थोरल्या निवृत्तिनाथांची समाधी आपल्या त्र्यंबकला आहे म्हटल्यावर पोरांचे डोळे एवढे मोठे. मग पंचवटी आलीच, शूर्पणखा सुंदर रूप घेऊन आली आणि तिचं नाक कापलं म्हणून नाशिक हे आपण लहानपणापासून ऐकतो, मग सोन्याचं हरीण झालेला मारीच. एका मुलीने विचारलं, "आजी, मारीचला माहीत होतं ना आपण मरणार, मग तो हरीण का झाला?" यावर अर्धा तास गेला. पुढच्या आठवड्यात रूप बदलण्याच्या औषधाचं प्रकरण वाचलं तेव्हा पोरंच म्हणाली, हा मारीचसारखा. सासूबाई ऐकत बसल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. तडजोड अशी झाली की ती पुस्तकं घरात राहतील पण पोथ्यांच्या कपाटात नाही, आणि देवासमोर म्हणतो ते मंत्र खेळात वापरायचे नाहीत. मला दोन्ही अटी रास्त वाटतात खरं तर. छडी फिरवायचीच तर लाटणं आणि मनाने बनवलेले शब्द घ्या, आमच्याकडे कुकरची शिट्टी थांबवायचा मंत्र आहे, अजून चाललेला नाही.

उलट्या बाजूनेही आक्षेप येतो हं. आमच्याकडचे एक रिटायर्ड काका म्हणाले, दाभोलकरांनी अंधश्रद्धेविरुद्ध लढताना जीव दिला आणि तुम्ही पोरांना जादू शिकवता. त्यांना म्हटलं, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा फसवणुकीवर आणि अघोरी प्रकारांवर आहे, होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगणंही त्यातून वगळलंय. उलट पोरांना करणी, भानामती, मूठ मारणं आणि पुस्तकातली जादू यातला फरक मी मुद्दाम बसवून सांगते: गोष्टीतला जादूगार तुमच्याकडे पैसे मागत नाही, खरा भोंदू मागतो. काकांना हे आवडलं, आता तेच येऊन हातचलाखी शिकवतात.

शाळेच्या किंवा सोसायटीच्या लायब्ररीतून पुस्तकच काढा अशी मागणी आली तर जरा कडक राहायचं. लेखी मागा, कुठलं पुस्तक, कुठलं पान, पूर्ण वाचलंय का. निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहू द्या. आणि आपल्या मुलाला देऊ नका एवढं कुणीही म्हणू शकतं, ते ऐकायचं, सगळ्यांच्या मुलांना देऊ नका हे मात्र नाही. अमेरिकेत २००० ते २००९ या दहा वर्षांत सगळ्यात जास्त आक्षेप हॅरी पॉटरवर नोंदले गेले, आणि अर्कान्सासच्या सीडरविलला तर शाळेने आईवडिलांच्या सहीशिवाय पुस्तक द्यायचं नाही असं ठरवलं, २००३ मध्ये कोर्टाने ते परत उघड्या कपाटात ठेवायला लावलं. हा निकाल इथे कमिटीच्या मीटिंगमध्ये फडकवू नका, आपला कायदा वेगळा आणि चेअरमन पण वेगळा. माहिती म्हणून असू द्या.

एवढं करून कुणी नाहीच म्हणालं तर त्या मुलाला त्या दिवशी दुसरं काहीतरी हातात द्या, फास्टर फेणे असतो, त्यात जादू अजिबात नाही आणि पोरं सोडत नाहीत. गुपचूप मात्र देऊ नका. मी एकदा दिलं होतं, ते गादीखाली सापडलं, आणि त्या मुलाच्या आजोबांनी मला जिन्यातच गाठून ते पुस्तक वर्तमानपत्रात नीट गुंडाळून परत दिलं, एक शब्द न बोलता.