टेकडाउन रायफलला स्कोप लावताय? आधी या चुका टाळा

जुनी टेकडाउन .२२, म्हणजे दोन तुकड्यांत सुटणारी हलकी रायफल, हातात आली की आठवड्याच्या आत तिच्यावर स्कोप चढवायची घाई सुरू होते. हौस आहे, चालायचंच. पण मग सगळ्यात स्वस्त माउंट (स्कोप रायफलला धरून ठेवणारी पट्टी) आणायचं, दिसेल त्या खोबणीत आवळायचं आणि महिन्याभराने "रायफलच वाकडी मारते" म्हणत फिरायचं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता समोरचा तोंड उघडायच्या आत मी विचारतो, "माउंट रिसीव्हरवर लावलंय ना?"

रिसीव्हर म्हणजे बॅरलच्या मागचा, रायफलची यंत्रणा असलेला भाग; सुटणाऱ्या बॅरलच्या रायफलीत माउंट तिथे लावणं हीच सगळ्यात मोठी चूक. जॉन ब्राउनिंगची सेमी-ऑटो .२२ घ्या. बेल्जियमच्या एफएन कंपनीने ती १९१४ पासून बनवली. रेमिंग्टनच्या मॉडेल २४ आणि २४१ याच घराण्यातल्या. यांची बॅरल पाव फेरा फिरवली की सुटून हातात येते. म्हणजे स्कोप रिसीव्हरवर बसवला, तर स्कोप एका तुकड्यावर आणि गोळी निघते दुसऱ्याच तुकड्यातून. दर जोडणीला बॅरल केसभर इकडेतिकडे बसते. हिशेब करून बघा: बॅरल साधारण ४९ सेंमी. टोकाला अर्धा मिलिमीटर फरक पडला, तरी ५० मीटरवर गोळी ५ सेंमी सरकते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्या रायफलच्या रिसीव्हरवर कारखान्यातूनच आलेली खोबण होती. खोबण आहे म्हणजे इथेच लावायचं असणार, असं मी समजलो. संध्याकाळी झिरो केलं, म्हणजे स्कोपचा नेम गोळीशी जुळवला, पाचही गोळ्या नाण्याएवढ्या जागेत. रायफल उघडून पेटीत ठेवली. सकाळी जोडली तर सगळ्या डावीकडे. टरेट, म्हणजे स्कोपवरच्या नेम सरकवायच्या चकत्या, फिरवले. पुढच्या वेळी सगळ्या उजवीकडे! स्कोपची नळी धरणाऱ्या रिंगा बदलल्या, स्कोप बदलला, काडतुसांना शिव्या घातल्या. शेवटी वैतागून स्कोप काढला आणि रायफलच्या साध्या साइटवर (नेम धरायच्या खुणांवर) मारून पाहिलं. उघडा, जोडा, मारा, गोळ्या आपल्या जागेवर. तेव्हा कुठे लक्षात आलं की पुढची आणि मागची, दोन्ही साइट बॅरलवरच आहेत. उत्तर पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होतं.

तेव्हापासून माझा नियम: सुटणाऱ्या बॅरलला बॅरलवरचंच माउंट. पट्टी बॅरलला पक्की असते आणि तिचा मागचा भाग रिसीव्हरला न टेकता त्याच्या वर तरंगतो, म्हणजे स्कोप डोळ्याच्या टप्प्यात येतो. पट्टी आणि रिसीव्हर यांच्यामधून कागद सहज सरकला पाहिजे. या रायफली रिकामी पुंगळी खालून टाकतात, त्यामुळे स्कोप पार खाली बसवला तरी पुंगळीची अडचण नाही.

सगळ्याच टेकडाउन अशा नसतात. विंचेस्टर ६३ किंवा मार्लिन ३९ए उघडली तर बॅरल रिसीव्हरबरोबरच राहते, मागचा दस्ता सुटतो. तिथे रिसीव्हरवरचं माउंट बिनधास्त लावा. म्हणून पैसे खर्च करण्याआधी रायफल एकदा उघडून बघा. उघडताना मॅगझिनची नळी काढली म्हणजे रायफल रिकामी झाली, असं समजू नका. चेंबरमधे, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, एक काडतूस उरलेलं असू शकतं. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे ओढा, बोट घालून बघा.

बॅरलच ढिली असेल तर कुठलंही माउंट दोष झाकणार नाही. ब्राउनिंगमधे ढिलाई काढायला फिरणारी कडी दिलेली आहे. एकेक खाच पुढे घ्या, हाताने घट्ट बसेल इतकीच. पान्ह्याची गरज वाटली तर तुम्ही जास्त आवळलंय.

आता ड्रिल. याबद्दल मी शांतपणे बोलू शकत नाही. एकाने दुपारभरात हॅन्ड ड्रिलने जुन्या रिसीव्हरला चार भोकं पाडून आणली होती. दोन मधल्या रेषेवर, दोन बाजूला भरकटलेली, आतली कड बोल्टला घासत होती. ती कड मी घासून काढली. भोकं तशीच आहेत, आणि रायफलची संग्राहकाकडची किंमत त्याच दुपारी गेली. माउंट सापडत नसेल तर थांबा, साध्या साइटवर मारा. भोकं पाडणं अगदीच अटळ असेल तर ते काम गनस्मिथचं, त्यातही चेंबरच्या वर तर नक्कीच.

बॅरलवर माउंटच्या स्क्रूसाठी असलेली भोकं आरपार नसतात, हे विसरून लोक लांब स्क्रू घालतात. स्क्रू तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण पट्टी हलतच असते. त्यावर आणखी जोर दिला तर बॅरलच्या आत, गोळीच्या वाटेत फुगवटा येतो.

रिमफायरची, म्हणजे .२२ सारख्या रायफलची, खोबण ३/८ इंचाची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. एअरगनच्या ११ मिलिमीटरच्या रिंगा "बसतात की" म्हणून लावू नका. बसतात, धरत नाहीत.

जुन्या छोट्या स्कोपची नळी पाऊण इंचाची असते. एक इंचाच्या रिंगेत टेप गुंडाळून ती बसवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

उघडा घोडा (हॅमर) असलेल्या मार्लिनवर स्कोप आला की अंगठ्याला जागा उरत नाही. घोड्याला बाजूला निघणारी मूठ लावून घ्या, नाहीतर घोडा हळूच खाली आणताना तो कधीतरी निसटेल.

आणि सडपातळ .२२ वर ४० मिलिमीटरचा जाडजूड स्कोप नको. मोठ्या रायफलींच्या स्कोपचं पॅरॅलॅक्स (डोळा हलला तरी नेम सरकत नाही ते अंतर) बहुधा १०० यार्डावर लावलेलं असतं, रिमफायरचं ५० च्या आसपास.

सगळं बसलं की मी पाच गोळ्या मारतो, रायफल उघडतो, जोडतो, पुन्हा पाच. असं तीनदा, एकाच कागदावर. पंधरा भोकांचा एकच पुंजका दिसेपर्यंत टरेटला हात लावत नाही.