छुपा कॅमेरा आणि ट्रॅकर कसा शोधायचा: लॉजची खोली, ट्रायल रूम आणि गाडी

चार्जरच्या पोटातला कॅमेरा, भिंतीवरच्या घड्याळातला, कपडे अडकवायच्या हुकातला, पेनातला. सिमकार्ड घालून दूरवरून ऐकायची डबी. लोहचुंबकाने गाडीला चिकटणारा ट्रॅकर. या सगळ्या वस्तू आज ऑनलाइन मागवल्या की घरपोच येतात. सोलापूरकरांनी आणि सोलापुरात उतरणाऱ्यांनी याची माहिती ठेवायलाच हवी, कारण पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूर या तिन्ही वाटांचा हा नाका आहे. स्टेशन आणि एसटी स्टँडच्या आसपास एका रात्रीपुरती खोली घेऊन, पहाटे आंघोळ करून दर्शनाला निघणारी कुटुंबं वर्षभर असतात. आपल्या आधी त्या खोलीत कोण राहून गेलं, हे त्यांना कळायचा मार्ग नसतो.

शोधताना एक गोष्ट पक्की धरा. कॅमेरा कितीही लहान असला तरी त्याला बघायला भोक लागतं आणि चालायला वीज लागते. भोक एक-दोन मिलिमीटरचं असलं तरी ते उघडंच असावं लागतं. काडेपेटीएवढ्या कॅमेऱ्याची बॅटरी साधारण तास-दोन तास टिकते. त्यामुळे कायमचा लावून ठेवलेला कॅमेरा बहुतेक वेळा विजेच्या वस्तूतच असतो: ॲडॉप्टर, घड्याळ, सेट-टॉप बॉक्स, रात्रीचा दिवा, धुराचा सेन्सर. कॅमेरा शोधायचं यंत्र घेण्याआधी ही भोकं आणि हे प्लग तपासा. एका खोलीला दहा-बारा मिनिटं पुरतात.

खोलीत शिरल्यावर आधी पलंगावर बसा आणि तिथून चारी बाजूंना बघा. कॅमेरा लावणाऱ्याला पलंग किंवा न्हाणी दिसायला हवी असते. म्हणजे पलंगावरून जी वस्तू दिसते, तिथूनच पलंग दिसतो. पलंगाच्या मागची भिंत किंवा कपाटाचा तळ चाचपण्यात वेळ घालवू नका. समोरची भिंत, टीव्हीच्या आजूबाजूचा भाग, छत आणि पलंगाकडे तोंड केलेले बोर्ड बघा.

सोलापूरच्या कोरड्या हवेत धूळ दोन दिवसांत बसते. तिचा इथे उपयोग होतो. सगळ्या खोलीवर धूळ आणि एकच घड्याळ किंवा ॲडॉप्टर लख्ख, असं दिसलं तर ती वस्तू आधी उतरवून बघा. जुन्या घड्याळाच्या तबकडीवर एवढ्याशा जागी पुसल्याचा डाग असेल तरी थांबा. भिंगावर धूळ बसली की चित्र धूसर येतं, म्हणून लावणारा तेवढीच जागा पुसत राहतो.

मग पडदे लावा, दिवे बंद करा. मोबाईलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी, कानशिलाला टेकवून धरा आणि दोन-तीन मीटर अंतरावरून नजर हळूहळू फिरवा. भिंगावर पडलेला उजेड जिथून आला तिकडेच परत फिरतो. म्हणून टॉर्च डोळ्याजवळ असेल तरच तो दिसतो, हात लांब करून धरलेला टॉर्च निरुपयोगी. काळ्या भोकाच्या आतून टाचणीच्या टोकाएवढा ठिपका चमकला तर जवळ जा. स्क्रू आणि वार्निशही चमकतात, पण आपण बाजूला सरकलो की त्यांची चमक पृष्ठभागावर पसरते किंवा सरकते. भिंगाची चमक भोकाच्या आतच राहते आणि रेषेतून हललो की विझते. एकाच जागेवरून बघून समाधान मानू नका. दारातून, पलंगावरून आणि न्हाणीच्या दारातून असं तिनदा करा.

अंधार असतानाच दुसरी चाचणी उरका. रात्री बघणाऱ्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड दिवे असतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे डोळ्याला मंद लालसर दिसतात, ९४० चे अजिबात दिसत नाहीत. मोबाईलच्या समोरच्या, म्हणजे सेल्फीच्या कॅमेऱ्यातून मात्र ते बऱ्याचदा जांभळट-पांढरे दिसतात. मागच्या कॅमेऱ्यावर अनेकदा हा प्रकाश अडवणारी काच असते, तो यासाठी वापरू नका. आधी टीव्हीचा रिमोट समोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर ठिपका लुकलुकला तर तुमचा फोन चालेल. लाईट गेलेली असेल तर ही चाचणी आणखी सोपी होते, कारण तेव्हाही काही चमकत असेल तर ते बॅटरीवर चालतंय.

आता प्लग. खोलीत आधीपासून लावलेला आणि तुमचा नसलेला प्रत्येक ॲडॉप्टर काढून हातात घ्या. यूएसबीच्या खाचेशेजारी किंवा वरच्या बाजूला गोल भोक, कडेला मेमरी कार्डाची चीर, रीसेटचं बारीक बटण, यातलं काहीही साध्या चार्जरला लागत नाही. काहीही जोडलेलं नसताना चार्जर गरम असेल तर आत काहीतरी चालू आहे. मात्र मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना सोलापुरात सगळंच कोमट लागतं, म्हणून आपलाही रिकामा चार्जर तासभर शेजारी लावून दोन्हींची तुलना करा. धुराचा सेन्सर फक्त तुमच्या खोलीत, पलंगाच्या बरोबर वर, आणि बाहेरच्या व्हरांड्यात एकही नाही, तर व्यवस्थापकाला समोर उभं करून तो उघडायला लावा. न्हाणीत गीझरचा दिवा, एक्झॉस्ट फॅनची जाळी आणि दारामागचा प्लास्टिकचा हूक बघा. हुकाच्या वरच्या टोकाला भोक असायचं कारण नाही. स्क्रू असेल तर त्याला पेचकसाची खाच दिसलीच पाहिजे.

आरशावर बोट टेकवून अंतर बघायची युक्ती मोबाईलवर फिरत असते, ती भरवशाची नाही. त्यापेक्षा खोलीत अंधार करून आरशाला टॉर्च टेकवा आणि हाताच्या ओंजळीतून आत बघा. पलीकडे पोकळी असेल तर ती दिसते. नवी पेठेत साडी-ड्रेसच्या खरेदीला गेल्यावर ट्रायल रूममध्ये एवढं करायला वेळ नसतो. तिथे तीनच जागा बघा: पार्टिशनची वरची आणि खालची फट, कोपऱ्यात ठेवलेलं खोकं किंवा पिशवी, आणि हूक. खोकं असेल तर कपडे बदलण्याआधी बाहेर ठेवा. परवानगी विचारायची गरज नाही.

वाय-फायवरची उपकरणं दाखवणारी फिंगसारखी ॲप उपयोगी आहेत, पण त्यांच्यावर विसंबू नका. कॅमेरा वेगळ्या राउटरवर किंवा सिमवर असेल, किंवा नुसता कार्डावर रेकॉर्ड करत असेल, तर यादीत काहीच येणार नाही. सेकंदाला दोन मेगाबिटच्या चित्रीकरणाला तासाला जेमतेम ०.९ जीबी लागतो, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात सत्तर तास बसतात. त्याला इंटरनेट हवंच असं नाही. रेडिओ लहरी पकडणाऱ्या यंत्रालाही असा कॅमेरा सापडत नाही. यंत्र घेतलंच असेल तर स्वतःचे सगळे फोन विमान मोडवर टाका, संवेदनशीलता कमी ठेवा आणि वस्तूपासून वीतभर अंतरावरून फिरवा. नाहीतर व्हरांड्यातल्या राउटरमुळेच ते किंचाळत राहतं. लहरी अडवणारा जॅमर मात्र घेऊ नका. सरकारी परवानगीशिवाय तो वापरणं बेकायदा आहे.

गाडीतला ट्रॅकर शोधणं वेगळं. जीपीएस फक्त ऐकतो, लहरी सोडतो ते त्यातलं सिम, आणि तेही अधूनमधून. म्हणून हातानेच चाचपावं लागतं. चारचाकीत स्टिअरिंगखालचा ओबीडी सॉकेट (गॅरेजवाले तपासणीचं यंत्र जोडतात तो), सीटखालची जागा, मागचा बंपर, चाकांच्या वरच्या कमानी आणि बॅटरीच्या तारा बघा. दुचाकीत सीटखाली आणि हेडलाइटच्या मागे. कंपनीच्या तारांना व्यवस्थित टेप गुंडाळलेली असते, वेगळ्या रंगाची सुटी तार दिसली तर तिच्या टोकापर्यंत जा. ट्रॅकर सापडला म्हणजे लगेच कुणीतरी पाठलाग करतंय असं नाही. कर्जावर किंवा जुनी घेतलेली गाडी असेल तर आधीच्या कुणी बसवलेला असू शकतो, आणि प्रवासी वाहनांना तर तो नियमानेच लागतो. आधी कागद बघा.

बॅगेत किंवा गाडीत टाकलेल्या, ॲपलच्या एअरटॅगसारख्या माग काढणाऱ्या बिल्ल्याची सूचना आयफोन आपोआप देतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या सुरक्षा आणि आणीबाणीच्या भागात अनोळखी ट्रॅकरची सूचना हा पर्याय आहे, तिथून स्वतःहून शोधही घेता येतो. बिल्ला सापडला की फोनच्या मागे टेकवा आणि उघडणाऱ्या पानावरचा अनुक्रमांक टिपून घ्या. त्यानंतरच स्टीलचं झाकण दाबून डावीकडे फिरवा आणि आतला सीआर २०३२ सेल काढा.

कॅमेरा सापडला तर सगळ्यात मोठी चूक म्हणजे तो उपटून व्यवस्थापकाच्या हातात देणं. पुरावा तिथेच संपतो. भोकावर टॉवेल टाका आणि कार्डाला हात लावू नका. खोलीचा एक पूर्ण आणि वस्तूचा एक जवळचा असे फोटो काढा, खोलीची पावती जपून ठेवा आणि ११२ ला फोन लावा. पोलीस येईपर्यंत दोघांपैकी एकाने खोलीतच थांबा. बाहेरगावचे असाल तरी सोलापुरातल्या कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे वर्ग होतो. स्त्रीचं असं चोरून चित्रीकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली येतं, पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई स्त्री-पुरुष सगळ्यांना लागू आहे: ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रारीत दोन्ही कलमांचा उल्लेख करा.

चित्रीकरण बाहेर गेल्याची शंका असेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांच्या विभागात नाव न देताही तक्रार करता येते. ती नोंदवताना सापडलेल्या उपकरणाचा फोटो आणि त्यावरचा अनुक्रमांक जोडा.