फोर बाय फोर पिकअप: आहे तीच सुधारावी की बदलून दुसरी घ्यावी?

इसुझूची व्ही-क्रॉस ही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी, पिकअप भारतात २०१६ मध्ये आली. त्या सुमारास घेतलेल्या गाड्या आता दहा वर्षांच्या घरात आल्या आहेत आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्सही बाजारात उतरल्यामुळे, जुन्या गाडीचे टायर, पाटे (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि शॉकअॅब्झॉर्बर बदलून तीच चालवत राहावी की ती एक्स्चेंजमध्ये देऊन दुसरी घ्यावी, हा प्रश्न अनेक मालकांपुढे आहे. उदाहरणे या दोन गाड्यांची घेतली असली, तरी विचार करण्याची रीत कोणत्याही फोर बाय फोर पिकअपला लागू पडते.

गाडी नेमकी कुठे अडते, हे आधी लिहून काढावे. एका पावसाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जेव्हा जेव्हा गाडी रुतली, घासली किंवा चढावर दमली, तेव्हा जागा, जमीन, गाडीतले वजन आणि टायरमधली हवा यांची नोंद ठेवावी. पोट दगडाला टेकले, एक चाक अधांतरी फिरत राहिले, इंजिनाचा जोर कमी पडला आणि चालकाने वाट चुकीची निवडली, ही चार वेगवेगळी कारणे आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. देशावरच्या काळ्या मातीत टायरच्या खाचा चिखलाने भरून जातात, तेव्हा गाडी कितीही उंच केली तरी पकड मिळत नाही. तेथे खोल व मोकळ्या खाचांचे टायर उपयोगी पडतात. कोकणातील जांभ्याच्या वाटेवर मात्र टायरची बाजू फाटण्याची भीती मोठी असते आणि तेथे मजबूत बाजूंचा टायर जास्त कामाचा ठरतो. वाळूत व सैल मातीत हवा कमी केली की टायर जमिनीवर अधिक पसरतो, त्यामुळे हवा भरण्याचा लहान पंप, ओढण्याचा चांगला पट्टा आणि योग्य प्रशिक्षण एवढ्यावरच पुष्कळ अडचणी सुटतात. हा खर्च सर्वांत आधी करावा, कारण गाडी बदलली तरी तो वाया जात नाही.

मोठ्या टायरचा मोह सर्वांनाच होतो, म्हणून त्याचा हिशेब नीट समजून घेणे आवश्यक आहे. २४५/७० आर १६ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर भरतो आणि २६५/७५ आर १६ चा सुमारे ८०४. व्यासात ५५ मिलिमीटर वाढ झाली, तरी धुरा जमिनीपासून उचलला जातो तो त्याच्या निम्माच, म्हणजे जेमतेम २७ मिलिमीटर. त्याच वेळी चाकाचा घेर सात टक्क्यांहून अधिक वाढतो. स्पीडोमीटर ताशी १०० किलोमीटर दाखवत असेल, तेव्हा खरा वेग पूर्वीपेक्षा सात टक्क्यांनी जास्त असतो आणि प्रत्येक गिअर तेवढ्याच प्रमाणात ‘उंच’ होतो, म्हणजे इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना गाडी जास्त वेगाने पळते व जोर कमी मिळतो. परिणामी लो रेंजमध्ये (कमी वेग व जास्त जोर देणाऱ्या गिअरांत) खडकावरून सावकाश उतरताना इंजिनाचा आधार कमी होतो, चढावर क्लचवर ताण येतो आणि ब्रेकला जास्त वजनाचे चाक थांबवावे लागते. पोट घासणे ही अडचण असेल, तर २७ मिलिमीटरसाठी हे सारे पत्करण्यापेक्षा इंजिन आणि गिअरबॉक्सखाली जाड संरक्षक पत्रा बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

गाडी उंच करण्यालाही मर्यादा असतात. पुढचे सस्पेन्शन सुमारे ५० मिलिमीटरपेक्षा जास्त उचलले, तर पुढच्या ॲक्सलच्या सांध्यांचे कोन वाढतात, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात आणि चाकांची अलाइनमेंट जुळवणे अवघड होते. मागचे पाटे कडक केले, तर रिकाम्या गाडीचा मागचा भाग उडतो. नोंदणी प्रमाणपत्रावर रिकाम्या गाडीचे वजन असते आणि कमाल एकूण वजन गाडीच्या कागदपत्रांत सापडते; एकूण वजनातून रिकामे वजन वजा करावे, त्यातून प्रवासी आणि इंधन काढावे आणि लोखंडी बंपर, विंच (रुतलेली गाडी ओढून काढणारे दोराचे यंत्र), हौद्यावरचे छत, तंबू व पाण्याची टाकी यांना जागा उरते का, ते पाहावे. पुष्कळदा ती उरतच नाही.

कायद्याची बाजू पैसे देण्यापूर्वी तपासावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका घेतली. समोर लावल्या जाणाऱ्या लोखंडी बुल बारवर कारवाई करण्याचे निर्देश केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिले होते. म्हणून कोणताही मोठा बदल करण्यापूर्वी आरटीओकडे चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

यानंतर गाडीच्या अंगाकडे वळावे, कारण ज्या चासीला (गाडीच्या सांगाड्याला) गंज लागला आहे, तिच्यावर महागडे सस्पेन्शन चढवणे म्हणजे पैसा आणि जीव दोन्ही धोक्यात घालणे होय. समुद्रकिनारी राहिलेली किंवा वाळूत वारंवार गेलेली गाडी जॅकवर उचलून पाट्यांच्या टेकूजवळचा, हौद्याच्या खालचा आणि चासीच्या जोडांतला भाग हातोडीने हलके ठोकून पाहावा. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे निघाले, तर गाडीवर आणखी खर्च करू नये. पुढच्या व मागच्या डिफरन्शियलचे (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे) तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे, आणि त्यात धातूचे कण चमकले तर गिअर झिजत आहेत. फोर लो (चारही चाकांना जोर देणारी लो रेंज) सैल जमिनीवर सहज लागते व सुटते का, थंड इंजिन कसे सुरू होते, टर्बोजवळ तेल गळते का आणि चढावर क्लच सरकतो का, हे ओळखीच्या मिस्त्रीकडून एका सकाळीत कळते.

अंग ठणठणीत असेल, तर नवी गाडी नेमके काय देणार, हा प्रश्न उरतो. जुन्या व्ही-क्रॉसचे २.५ लिटरचे इंजिन ३२० न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवण्याचा जोर) देते, हायलक्सचे २.८ लिटरचे इंजिन मॅन्युअलमध्ये ४२० आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० देते, शिवाय तिला मागचा डिफरन्शियल लॉक, म्हणजे एक चाक अधांतरी फिरले तरी दुसऱ्याला जोर पोचवणारी सोय, कारखान्यातूनच मिळतो. चढावर दमणे किंवा अधांतरी चाक फिरत राहणे ही तुमच्या वहीतली मुख्य नोंद असेल, तर हा फरक खरा आहे. मात्र व्ही-क्रॉसच्या दोन धुऱ्यांमधले अंतर ३०९५ मिलिमीटर आहे आणि हायलक्सचे ३०८५, तर दोन्हींची लांबी सव्वापाच मीटरपेक्षा जास्त आहे. त्यामुळे उंचवट्यावर पोट टेकत असेल किंवा अरुंद वळण एका दमात घेता येत नसेल, तर एका पिकअपऐवजी दुसरी पिकअप घेऊन ती अडचण संपणार नाही. त्यासाठी आखूड गाडीच लागते.

सुरक्षिततेचा मुद्दा मी सर्वांत वर ठेवतो. २०१६ च्या व्ही-क्रॉसमध्ये दोन एअरबॅग होत्या, हायलक्समध्ये सात आहेत, आणि एअरबॅग किंवा गाडीचा तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बाजारातून आणून बसवता येत नाही. मुलाबाळांना घेऊन घाटातून नेहमी जाणाऱ्या कुटुंबासाठी एवढे एक कारणही गाडी बदलण्यास पुरेसे आहे. दुसऱ्या बाजूला बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे सध्याचे मानक) डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते आणि ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने चालावी लागते. शेतातल्या व वाडीतल्या दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्याच ज्यांना माराव्या लागतात, त्यांनी याचा आधी विचार करावा.

पैशांचा हिशेब भावनेपासून दूर ठेवून कागदावर करावा. महाराष्ट्रात खासगी वापराच्या २० लाखांवरील डिझेल गाडीवर १५ टक्के एकरकमी वाहनकर लागतो. उदाहरणादाखल ३० लाखांची गाडी धरली, तर साडेचार लाख करात जातात. विम्यातील घसाऱ्याच्या तक्त्यानुसार दोन वर्षे उलटलेल्या गाडीची किंमत ३० टक्क्यांनी कमी धरतात, म्हणजे आणखी नऊ लाख. प्रत्यक्ष बाजारभाव याहून बरा असू शकतो, तरी पहिल्या दोन वर्षांची झीज किती मोठी असते याचा अंदाज येतो. जुन्या गाडीची दुरुस्ती, टायर आणि सस्पेन्शन यांचा एकत्रित अंदाज या रकमेच्या शेजारी मांडावा आणि गाडी किमान चार-पाच वर्षे ठेवायची असेल तरच सुधारणांवर खर्च करावा, कारण विक्रीच्या वेळी जोडसाहित्याचे पैसे जवळपास कोणीच देत नाही. मूळ चाके, पाटे व बंपर जपून ठेवावेत. विकताना ते परत बसवून जोडसाहित्य वेगळे विकले, तर दोन्हींना बरा भाव येतो.

एक्स्चेंज ठरल्यास विक्रेत्याकडून दोन लेखी आकडे घ्यावेत: जुनी गाडी देऊन भरायची एकूण रक्कम आणि जुनी गाडी न देता भरायची एकूण रक्कम. या दोहोंतील फरक हीच तुमच्या गाडीला मिळणारी खरी किंमत होय, आणि ती बाहेरच्या खरेदीदारांच्या भावाशी ताडून पाहावी. कर्ज फिटले असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवून घ्यावा. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सवलत) गाडीचा नसून मालकाचा असतो, तेव्हा जुन्या विम्याचे बोनस पत्र मागून तो नव्या गाडीच्या विम्यात वापरावा. जुना फास्टॅग बंद करावा. हस्तांतराचे फॉर्म २९ व ३० कोरे ठेवून सही करू नये. दप्तरी नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे गाडी सोपवताना तारीख-वेळेची पोच घ्यावी आणि परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नवीन मालकाची नोंद दिसेपर्यंत पाठपुरावा करावा.