शाळाबाह्य मुलं मोजायची, तर ‘काल’चं विचारा

सर्व्हे म्हटलं की आमच्या वस्तीत लोक दार लोटून घेतात. नवी मुंबईत, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला, तुर्भे स्टोअर आणि इंदिरानगरच्या गल्ल्यांत आजवर घराचे, नळाचे, शौचालयाचे कितीतरी फॉर्म भरून झालेत. त्यांचं पुढे काय झालं, कुणाला पत्ता नाही. म्हणून प्रश्नांपासून सुरुवात करूच नका. हाती येणारा आकडा कुणाच्या टेबलावर ठेवायचा आणि त्या माणसाला त्यावर काय करणं भाग आहे, ते आधी ठरवा. मी बचत गटाच्या बायकांबरोबर शाळाबाह्य मुलांचं काम करते, म्हणून त्याचंच सांगते. रेशन असो, पाणी असो, वाट हीच.

शाळेच्या बाबतीत टेबल शोधावं लागत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ९ : आपल्या हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळवून देणं ही स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे शहरात महापालिकेची, जबाबदारी. तेव्हा तुम्ही हात पसरायला जात नाही. त्यांच्या वहीतून सुटलेली नावं घेऊन जाता. आपल्या भागाची ती नोंद माहिती अधिकारात मागा. अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराची मुदत ३० दिवस, नाहीतर पहिलं अपील. ‘नोंद उपलब्ध नाही’ असं लेखी आलं तर वाईट वाटून घेऊ नका. तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.

आता प्रश्न. कॉलेजची मुलं फॉर्म बनवून आणतात, त्यात हमखास असतं, ‘मुलगी शाळेत जाते का? होय / नाही.’ घरोघरी ‘होय’वर खूण. परक्या पोरापुढे कुठली आई ‘नाही’ म्हणेल? आणि ती खोटं बोलते असंही नाही, नाव पटावर असतंच. आम्ही विचारतो, “काल सकाळी दहाला पोरगी कुठं होती?” मग सहज निघतं, “धाकट्याला बघत होती की. मी कामासाठी मजूर-नाक्यावर गेलेले.” परवा? परवाही तेच. दप्तर कुठं आहे म्हटलं तर ती हसून पोटमाळ्याकडे बोट करते. दप्तरावर गोधड्यांची चळत. पटावर नाव असूनही महिनाभराहून जास्त सलग गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्यच धरतात, म्हणून शेवटचं शाळेत कधी गेलं हे विचारावंच लागतं. तारीख कुणाला आठवत नाही. गणपतीच्या आधी की नंतर, हे मात्र पक्कं आठवतं.

एवढे पाच-सहा प्रश्न एका पानात बसतात. मोबाइलवर भरायचं तर ‘कोबो टूलबॉक्स’ हे फॉर्म भरायचं साधन मराठीत चालतं आणि नेटवर्क नसलं तरी माहिती साठवून ठेवतं. पत्र्याच्या गल्लीत याचं मोल कळतं. आधार नंबर घेऊ नका, काही गरज नाही. मुलांची नावं वेगळ्या वहीत, गटाच्या ताब्यात. बाहेर जाणाऱ्या कागदावर फक्त गल्ली, वय, इयत्ता आणि कारण.

वेळेचं भान ठेवा. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे झाला आणि बरीच मुलं सुटल्याची तक्रार संस्थांनी केली. सुटणारच! मूल त्या वेळी आईबरोबर बांधकामावर असेल तर घरी कुलूपच दिसणार. आम्ही संध्याकाळी किंवा रविवारी जातो, आणि सकाळी मजुरांच्या नाक्यावर एक चक्कर.

सोबती कोण घ्यायचे? कॉलेजातल्या एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, त्यामुळे ती मिळतात. परीक्षेच्या महिन्यांत मिळत नाहीत. समाजकार्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी वस्ती शोधतच असतात, आणि देवनारची ‘टिस’, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, काही लांब नाही. कामाची वाटणी मात्र माझी ठरलेली : दारात उभी राहून विचारणार वस्तीतलीच मुलगी, आकडेमोड कॉलेजवाल्यांची.

बेरीज झाली की पहिलं वाचन वस्तीत, साहेबांपुढे नंतर. आमच्या तक्त्यात कारणाच्या रकान्यात जागोजागी ‘घरची परिस्थिती’ लिहिलेलं होतं. समाजमंदिरात ते वाचल्यावर मागून एक बाई उठली, “परिस्थिती म्हणजे काय गं? अंगणवाडी दुपारी सुटते, मी येते सहाला. मधे बाळ कुणाच्या गळ्यात बांधू?” सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. तिथल्या तिथे रकाना खोडला आणि ‘धाकटं भावंड’ असा नवा केला. मागणीही बदलली, दप्तराऐवजी पाळणाघर. केंद्र सरकारच्या मिशन शक्तीत ‘पाळणा’ योजना आहे, अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवायची सोय तिच्यात आहे. तक्ता घेऊन आम्ही महिला-बालविकासच्या कार्यालयात गेलो तेव्हा बोलायला काहीतरी ठोस होतं.

कंपन्यांचं थोडं वेगळं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, आणि आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं. आमच्या डोक्यावर तर अख्खी टीटीसी औद्योगिक वसाहत. ते येतात दप्तरं घेऊन, फोटोसाठी पोरं रांगेत उभी करतात. दप्तरं घ्या, नाही म्हणू नका. पण त्याच बैठकीत पाळणाघरातल्या ताईच्या वर्षभराच्या मानधनाचं लेखी मागा.

शाळेत जाताना कायद्याच्या प्रती पिशवीत ठेवा. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कलम १४. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही, कलम ५. वयानुसार वर्ग आणि मागे राहिलेल्यासाठी विशेष प्रशिक्षण, कलम ४. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया लागतात. तिथे आपल्या गल्लीतली एक आई बसली की निम्म्या चकरा वाचतात.

यादी दरवर्षी जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर नव्याने काढा. गावाकडून न परतलेल्या मुलाचं नाव खोडू नका. पुढे गावाचं नाव लिहा. आणि जे कुटुंब हंगामापुरतं जायला निघालंय, त्याच्यासाठी निघण्याआधीच मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत पोराला बसता येईल.