चित्र, आवाज, माती आणि शब्द: वर्गात एकत्र वापरताना या चुका टाळा

३० सप्टेंबर १९९३ ही तारीख आमच्या भागात कुणाला पाठ करावी लागत नाही. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात जमीन हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. सातवीच्या मुलांबरोबर मी यावर प्रकल्प घेतला. नुसता निबंध नको होता. म्हाताऱ्या माणसांचे आवाज रेकॉर्ड करायचे, जुन्या गावाचा नकाशा काढायचा, माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घराचं मॉडेल करायचं आणि हे सगळं गावासमोर मांडायचं, असं ठरलं. पहिल्या वर्षी प्रकल्प फसला. सामान भरपूर गोळा झालं, पण मुलांना नवं फार थोडं कळलं. का फसला ते शोधायला मला दोन वर्षं लागली. तुमची तेवढी जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

तेच ते तीनदा सांगणं

ही सगळ्यात मोठी चूक. आमच्या सादरीकरणात पडद्यावर एक परिच्छेद होता, तोच परिच्छेद एक मुलगी मोठ्यानं वाचत होती आणि मागं पडक्या घराचा फोटो होता. डोळे वाचत पुढं गेले, कान मागं राहिले, फोटोकडं कुणी बघितलंच नाही. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञानं शिकण्यातल्या शब्द-चित्रांच्या मेळावर अनेक वर्षं प्रयोग केले. चित्र आणि तोंडी निवेदन यांची जोडी चांगली जमते, पण त्यावर तेच शब्द पुन्हा छापले की समज वाढायच्या ऐवजी बहुधा घटते, असं त्यांना दिसलं. अपवाद आहेत. ज्याला कमी ऐकू येतं त्याला छापील शब्द लागतातच. तांड्यावरून येणारी, घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारी लेकरं आमच्या वर्गात आहेत. त्यांच्यासाठी ‘ढिगारा’, ‘पुनर्वसन’ असे मोजके शब्द आम्ही पडद्यावर ठेवतो. अख्खा परिच्छेद नाही.

आता प्रत्येक गोष्टीला आम्ही एकच प्रश्न विचारतो: हे काढून टाकलं तर काय कळायचं राहील? उत्तर ‘काही नाही’ असेल तर ते काढतो.

मॉडेलला हा प्रश्न विचारला आणि आमचं पहिलं मॉडेल नापास झालं. थर्माकोलचं, रंगवलेलं, दिसायला देखणं घर होतं ते. फोटोत जे दिसत होतं तेच त्यात होतं. दुसऱ्या वर्षी मुलांनी फळीवर खऱ्या खड्यांची भिंत रचली, जुन्या घरांसारखी: बाहेरून एक पदर, आतून एक पदर, मधे चिखल. वर काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. माळवद उन्हाळ्यात घर गार ठेवतं, पण गळती थांबवायला वरून मातीचे थर चढत जातात आणि छपराचं ओझं वाढत जातं. मग फळी हलवली. बाहेरचा पदर फुगला, सुटला आणि सगळं ओझं आत बसलं. पुन्हा भिंत रचली, या वेळी अधूनमधून दोन्ही पदरांना धरून ठेवणारे लांब, आरपार दगड घातले. तेवढ्याच हलवण्यात ती बराच वेळ उभी राहिली. इतकी जाड भिंत असून घरं का पडली, हे मी आधी तीनदा फळ्यावर समजावलं होतं. ते मुलांच्या हातांना त्या दिवशी कळलं.

आवाज ‘स्वच्छ’ करणं

एका आज्जींचं बोलणं आम्ही वीस मिनिटं रेकॉर्ड केलं होतं. गावात पोचेपर्यंत काय दिसलं ते सांगता सांगता त्या थांबल्या. बराच वेळ. मागं फक्त शेळीचं ओरडणं. मुलांनी मोबाइलवर ती ‘रिकामी जागा’ कापून टाकली आणि मी शाबासकी दिली. मग उरलेलं बोलणं पुस्तकी मराठीत उतरवलं. ‘समदं’चं ‘सर्व’ झालं, ‘कामून’चं ‘का’ झालं. तक्त्यावर जे लागलं ते कुणाचंही बोलणं असू शकलं असतं. आवाज घ्यायचा तो त्यातला हेल, अडखळणं आणि गप्पपणा यांच्यासाठी. फक्त माहिती हवी असेल तर वहीत टिपून घेतलेली पुरते. बोली जशीच्या तशी लिहा. थांबणं कापू नका.

आणि परवानगी. ज्यांनी घरातली माणसं गमावलीत त्यांच्यासमोर थेट मोबाइल धरू नका. आधी एकदा नुसतं जाऊन बसा, चहा घ्या. रेकॉर्डिंगचं दुसऱ्या भेटीत विचारा, आणि ‘नको’ म्हणाले तर तिथंच विषय सोडा.

चित्र सगळ्यांना कळतंच, हा समज

चित्रही वाचायला शिकवावं लागतं. विज्ञानाच्या पुस्तकात एक बाण वाफ वर जाते असं सांगतो, दुसरा नुसता भागाचं नाव दाखवतो, तिसरा ‘यामुळे हे झालं’ म्हणतो. मोठ्यांना फरक आपोआप कळतो, लेकरांना नाही. अजिंठ्याला सहल नेली तेव्हा एका मुलानं विचारलं, ‘सर, एकाच भिंतीवर तोच राजा इतक्यांदा कसा?’ तिथल्या चित्रकारांनी एकाच पटात गोष्टीतल्या वेगवेगळ्या वेळा मांडल्या आहेत, त्यामुळे तोच माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसं? कुठलंही चित्र लावलं की दोन मिनिटं द्या: हे कुठं उभं राहून काढलंय, यात किती वेळची गोष्ट आहे, बाण काय सांगतोय?

‘हा चित्रवाला, ती बोलणारी’

मुलांवर असे शिक्के मारू नका. कुणी डोळ्यांनी शिकतं, कुणी कानांनी, म्हणून ज्याला त्याला त्याच्या पद्धतीनं शिकवा, हे प्रशिक्षणांत अजून ऐकू येतं. २००८ मध्ये पॅशलर या मानसशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं. अशा वाटणीनं शिकणं सुधारतं याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. माझ्या वर्गातल्या छान चित्रं काढणाऱ्या मुलाला मी वर्षभर चित्रंच दिली. तो एकाही म्हाताऱ्या माणसाशी बोलला नाही. दुसऱ्या वर्षी त्याला रेकॉर्डिंग ऐकून नकाशा काढायला सांगितलं. पाण्याचा आड वेशीच्या कुठल्या बाजूला होता हेच आवाजातून कळेना, म्हणून तो पुन्हा विचारायला गेला. एका रूपातून दुसऱ्या रूपात नेताना काय माहीत नाही ते उघडं पडतं, आणि प्रश्न तिथूनच सुरू होतात.

छोट्या अडचणी पटकन सांगतो. आवाजात घरघर येत असेल तर पंखा बंद करा आणि वाऱ्याकडं पाठ करून बसा. मोबाइल घडी केलेल्या रुमालावर ठेवा, फोन येणार नाही असा करा. रेकॉर्डिंग त्याच दिवशी दुसऱ्या मोबाइलवर घ्या. सादरीकरणाच्या दिवशी लाइट जाणार असं धरून चाला. मॉडेल आणि नकाशा विजेशिवाय बोलतात.

गुण फक्त वहीला देऊ नका. दिले तर बाकीचा खेळ होता, असं मुलं बरोबर ओळखतात. आम्ही प्रत्येकाकडून दोन ओळी घेतो: मी हे आवाजातच का ठेवलं, हे मातीतच का केलं? त्या ओळींना गुण असतात.

एक शेवटची चूक वेळापत्रकाची. असे प्रकल्प दिवाळीनंतरच्या मोकळ्या दिवसांसाठी राखून ठेवले जातात. तोवर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली लेकरं आईवडिलांबरोबर कारखान्यांकडं निघून गेलेली असतात. आम्ही आता जुलैत सुरू करतो आणि ३० सप्टेंबरला गावासमोर मांडतो.