रोज काहीतरी चावतंय, पण दिसत काहीच नाही? या चुका टाळा

सकाळी उठावं तर दंडावर तीन-चार लाल गांधी आणि खाज अशी की चहा पिता पिता नखं चालूच. घरातलं कोणी म्हणतं, "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव." कोणाला डासाचा संशय. तिसरा दुकानातून स्प्रेचा डबा आणतो आणि घरभर मारून मोकळा होतो. आठवड्याने पुन्हा तेच, कारण काय चावतंय हे कोणी शोधलेलंच नसतं.

गांधीकडे बघून किडा ठरवू नका. "एका ओळीत तीन म्हणजे ढेकूणच" हे ठोकताळे फारसे भरवशाचे नाहीत. चावा कसा दिसेल हे किड्यापेक्षा ज्याच्या-त्याच्या कातडीवर जास्त अवलंबून असतं. एकाच पलंगावर झोपणाऱ्या नवरा-बायकोत एकाला टरारून सूज येते आणि दुसऱ्याला काहीच होत नाही. म्हणून "मला चावत नाही, म्हणजे तुझाच भ्रम" हा निकाल देऊ नये. शिवाय ढेकणाच्या चाव्याची खूण उठायला काही दिवसही लागू शकतात. आज दिसणारी गांध गेल्या आठवड्यातल्या लॉजची किंवा रेल्वेच्या बर्थचीही असू शकते.

जागा आणि वेळ मात्र दिशा दाखवतात. घोट्याभोवती आणि गुडघ्याखाली असेल तर पिसवा. रात्री पांघरुणाबाहेर राहिलेले हात, मान, चेहरा असेल तर बहुधा ढेकूण. दिवसा टेबलाखाली पाय खाजत असतील तर डेंग्यूवाला एडिस डास. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला खाज आणि ती रात्री वाढणारी असेल तर खरजेचा विचार आधी करा. आणि पित्ताची शंका असेल तर एका गांधीभोवती पेनाने गोल काढा. पित्ताची गांध साधारण 24 तासांच्या आत त्या जागेवरून जाते, भलेही दुसरीकडे उठते. चावा तिथेच दिवसचे दिवस राहतो.

शोधायच्या आधी फवारू नका. फवारलं की ढेकूण फटीत आणखी आत सरकतात, शेजारच्या खोलीतही जातात, आणि तुमच्याकडे पुरावा उरत नाही. शिवाय डब्यांमध्ये सहसा असणाऱ्या पायरेथ्रॉइड औषधांना बऱ्याच ठिकाणचे ढेकूण आता दाद देत नाहीत. धूर सोडणारे डबे तर फटीपर्यंत पोचतच नाहीत.

टॉर्च आणि जुनं एटीएम कार्ड घ्या. गादीची शिवण बोटांनी उलगडत कोपऱ्यापर्यंत जा आणि कार्डाची कड पलंगाच्या सांध्यांतून फिरवा. मोठा ढेकूण चार-पाच मिलिमीटरचा, तपकिरी आणि चपटा असतो. अंडी जेमतेम एक मिलिमीटरची, पांढरट. त्याआधी नजरेला पडतात ते काळे ठिपके. ओल्या कापसाने पुसा. ठिपका तांबूस-तपकिरी पसरला तर ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. सापडलेला किडा चिरडू नका. चिकटपट्टीने कागदावर चिकटवा; पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवायला तोच उपयोगी पडतो.

गादी फेकून सुटका होत नाही. आपल्या फ्लॅटमधले प्लायवूडचे बॉक्स बेड ढेकणांच्या फार सोयीचे: स्क्रूची भोकं, बिजागऱ्या, सनमायकाची उचकटलेली कड. शिवाय सोफ्याच्या खालचं कापड, पडद्याच्या चुण्या, पलंगाजवळचा स्विचबोर्ड. एवढं तसंच ठेवून नवी गादी आणली तर ढेकणांना नवं घर मिळतं. हॉलमध्ये झोपायला जाणंही अंगाशी येतं, कारण उशी-चादरीसोबत ते तिथे जातात. खाणं न मिळता ढेकूण महिनोन्महिने तग धरतो.

गादी उन्हात टाकायची जुनी सवय वाईट नाही, पण तिच्यावर विसंबू नका. वरचं कापड तापतं, आतला भाग तेवढा तापत नाही, आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. चादरी, अभ्रे निदान 60 अंशांच्या पाण्यात भिजवून धुवा. शिवणींवर वाफेची इस्त्री सावकाश फिरवा.

लाजून लपवणं ही आणखी एक चूक. ढेकूण स्वच्छतेचं प्रमाणपत्र बघून येत नाहीत. बॅगेतून येतात, कोणी दिलेल्या जुन्या सोफ्यातून येतात, शेजारच्या भिंतीतूनही येतात. शेजाऱ्यांना सांगितलं नाही तर तुमचा खर्च वाया.

कबुतरांना विसरू नका. गादी स्वच्छ, पलंग स्वच्छ, तरी चावतंय? एसीच्या आउटडोअर युनिटमागे, बाथरूमच्या डक्टमध्ये, छज्जावर बघा. कबुतराच्या घरट्यात पक्ष्यांचं रक्त पिणारे माइट नावाचे बारीक किडे असतात, एक मिलिमीटरपेक्षा लहान. पिल्लं उडून गेली की उपाशी माइट खिडकीतून, एक्झॉस्ट फॅनच्या भोकातून घरात शिरतात. खिडकीच्या चौकटीवर पांढरा कागद ठेवा आणि टॉर्च मारा. धुळीचे कण चालताना दिसले तर उत्तर सापडलं. माणसाच्या रक्तावर त्यांची वस्ती टिकत नाही. त्यामुळे घरात कितीही फवारा, घरटं हलेपर्यंत त्रास थांबत नाही. पिल्लं उडाल्यावर मास्क आणि हातमोजे घालून ते काढा, जागा धुऊन पुसा, मग जाळी बसवा. घरटं आत ठेवून वरून जाळी मारणारे महाभाग बरेच असतात.

पेस्ट कंट्रोल एकदा करून थांबू नका. बरीच औषधं अंड्यांवर चालत नाहीत. अंडी साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोनेक आठवड्यांनी दुसरी फेरी लागतेच. पैसे ठरवतानाच ती ठरवून घ्या.

स्वतःचे जालीम प्रयोग मात्र नकोत. शेतीची कीटकनाशकं, गादीवर रॉकेल, आणि सगळ्यात घातक म्हणजे धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, त्यावर उतारा नाही. अशा गोळ्यांनी बंद घरात माणसं दगावली आहेत.

घरात मांजर-कुत्रं असेल तर त्यांच्या पिसवांवर जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध घ्या आणि त्यांची अंथरुणंही धुवा. गावाहून परतल्यावर बंद घरात पिसवा अंगावर आल्या तर नवल नको. पिसवेचा कोष महिनोन्महिने वाट बघतो आणि पावलांच्या हादऱ्याने फुटतो.

दुखत नसलेली काळी खपली आणि सोबत ताप असेल, विशेषतः पावसाळ्यात गवतात वावर झाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो स्क्रब टायफस, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप, असू शकतो.

आणि खरूज निघाली तर ज्याला खाजतंय त्यालाच मलम लावू नका. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार-सहा आठवडे जातात, तोवर ती घरभर पसरलेली असते. डॉक्टरांनी सांगितलेलं पर्मेथ्रिन मलम सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, सहसा आठवड्याने पुन्हा एकदा. लहान मुलांसाठी आधी विचारून घ्या. त्यानंतरही खाज दोन-चार आठवडे राहू शकते. म्हणून घाबरून रोज मलम चोपडू नका.