चिलखत घालायचंय? मग आधी चड्डी शिवा

मध्ययुगीन युरोपातले कपडे आणि चिलखत घालून तो काळ पुन्हा उभा करणाऱ्या (रीएनॅक्टमेंट म्हणतात त्याला) आमच्या ग्रुपमध्ये दरवर्षी कोणी ना कोणी नवीन येतं आणि पहिला प्रश्न ठरलेला, चिलखत कुठून घेऊ. मी पण हेच विचारलं होतं. तेव्हा एका म्हाताऱ्या स्वीडिश आजोबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, चड्डी शिवलीस का? मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती ती. चिलखत अंगावर नाही, कपड्यांवर बसतं, आणि आतले कपडे चुकले की वरचं दहा किलो लोखंड दिवसभर त्या चुकीची आठवण करून देत राहतं. म्हणून हे सगळं आतून बाहेर या क्रमाने लिहितेय.

आधी एक साल पकडा

"मध्ययुग" म्हणजे हजार वर्षं. त्यातलं काहीही उचलून अंगावर घातलं तर पानिपतातल्या मावळ्याच्या कमरेला मोबाईल लटकवल्यासारखं होतं. एक साल, एक जागा आणि एक माणूस (सरदार की शेतकरी) ठरवा, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहते, म्हणून मी विस्बी १३६१ घेतलं. २७ जुलै १३६१ ला डेन्मार्कचा राजा वाल्डेमार आटरडाग गॉटलंड बेटावर उतरला आणि विस्बीच्या तटाबाहेर त्याच्या कसलेल्या फौजेने गावाकडच्या शेतकऱ्यांची कत्तल केली. मेलेले लोक मोठमोठ्या खड्ड्यांत पुरले, आणि बऱ्याच जणांच्या अंगावरचं चिलखत काढायच्या भानगडीत कोणी पडलंच नाही, बहुतेक जुलैच्या उकाड्यामुळे. विसाव्या शतकात ते खड्डे उकरले तेव्हा हजाराच्या वर सांगाडे आणि त्यांच्यासोबत चिलखतं निघाली. आपल्यासाठी हा खजिना आहे कारण कोणत्या सालचं आणि कुठलं याबद्दल वादच नाही. १९८४ पासून दर ऑगस्टमध्ये विस्बीला मध्ययुग सप्ताह भरतो, आम्ही ऑस्कर्सहाम्नहून फेरीने जातो.

कपड्यांसाठी दुसरा खजिना माझ्या घरापासून तासाभरावर, वारबर्गच्या किल्ल्यातल्या म्युझियममध्ये. १९३६ साली बोक्स्टेनच्या दलदलीत चौदाव्या शतकातला एक माणूस सापडला, अंगात खुंट ठोकलेला, पण कपडे जवळजवळ अख्खे. अंगरखा, वरून घ्यायचा झगा, पायमोजे, आणि मागे लांबलचक शेपूट असलेली टोपी. नवीन माणसाने सिनेमे बघून कपडे ठरवण्यापेक्षा एक दिवस तिथे काचेला नाक लावून उभं राहावं. मनगटाला चामड्याचे पट्टे, अंगभर काळं लेदर असलं काही दिसणार नाही.

कापड

अंगाला लागतं ते लिनन, वर लोकर. बस. लिनन ६० डिग्रीवर दोनदा धुवून, वाळवून मगच कापा, नाहीतर पहिल्याच धुण्यात बाह्या कोपरापर्यंत येतात. लोकर जरा जाड घ्या, चौरस मीटरला ३००-४०० ग्रॅमच्या आसपासची, आणि पॉलिस्टर मिक्स नको. दिसण्यापेक्षा मोठं कारण असं की शेकोटीची ठिणगी लोकरीवर पडली तर विझते आणि पॉलिस्टरवर पडली तर वितळून कातडीला चिकटते.

चड्डी आणि पायमोजे

चड्डीला तिकडे ब्रे म्हणतात. सैल, लिननची, कमरेला नाडी. आपल्याला शिकवायची गरज नाही, पायजमा शिवलेल्या कोणालाही जमेल. पण नाडी मजबूत हवी कारण तिच्यावर सगळं लटकतं: दोन्ही पायांचे होज (हे लांब पायमोजे) सुटे असतात, मधे जोडलेले नसतात, आणि ते वर नाडीला बांधतात.

होज मात्र उरेब कापायचे. लोकर तिरकी धरली की ताणते, म्हणून गुडघा वाकवता येतो आणि तरी पोटरीला चापून बसतं. सरळ धाग्यात कापलेत तर पहिल्यांदा उकिडवं बसाल तेव्हा मागची शिवण उसवेल. मोठ्याने उसवते. मला माहीत आहे.

अंगरखा

हा सगळा चौकोन आणि त्रिकोणांचा खेळ, कारण कापड महाग होतं आणि चिंधी वाया घालवणं कोणाला परवडत नव्हतं. पुढे-मागे एकेक आयत (छातीच्या मापात १५-२० सेंटिमीटर ढिलाई धरून), दोन बाह्या, घेरासाठी पुढे मागे आणि दोन्ही बाजूंना कळ्या, आणि काखेत एक छोटा चौकोनी तुकडा. हा काखेतला तुकडा लोक आळसाने गाळतात. गाळू नका. आपल्या जुन्या बंडीला काखेत असायचा तोच हा, त्याच्यावाचून हात वर केला की अख्खा अंगरखा वर येतो. आतल्या लांब शिवणी मशीनवर मारल्या तरी कोणी बघायला येत नाही, पण गळा, काजं, खालची दुमड हे हाताने करा, आणि लिननचा दोरा मेणावरून दोनदा ओढून घ्या म्हणजे गुंता होत नाही.

गॅम्बेसन, म्हणजे बाह्यांची गोधडी

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे कारण सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात आणि मी तर साफ आपटले होते.

गॅम्बेसन हे स्वस्तातलं चिलखतच आहे खरं तर. ११८१ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने फर्मान काढलं, कोणाकडे कोणती शस्त्रं हवीत याचं. सरदाराला कड्यांचं चिलखत, पण साध्या स्वतंत्र माणसाला गॅम्बेसन, लोखंडी टोपी आणि भाला. आणि पुढे पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळचा एक हुकूम आहे, त्यात अशा जाड जाकिटाला कापडाचे २५ किंवा ३० थर आणि वर हरणाचं कातडं लावा असं सांगितलंय, आणि कापड कसं, तर वापरून मऊ पडलेलं सगळ्यात चांगलं. हे वाचलं आणि मला आजीची गोधडी आठवली. जुनी नऊवारी का, तर धुवून धुवून मऊ झालेली, सुई जाते आणि थर एकमेकांना धरून बसतात. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अगं, गोधडी शिवायला एवढ्या लांब गेलीस होय?"

तर कृती. कड्यांच्या चिलखताच्या आत घालायचं असेल तर तीस थर नकोत. बाहेर एक लिनन, आत एक लिनन, मधे कापसाचा पातळ थर किंवा जुन्या लोकरी ब्लँकेटचे दोन थर. कापूस चालतो, तो तेव्हा भूमध्य समुद्रापलीकडून युरोपात यायचा आणि भरायला वापरायचे.

आता लक्ष द्या. आधी टाचा, मग कापा. मी माप घेऊन, छान बेतून, आधी तुकडे कापले आणि मग तीन-तीन सेंटिमीटरवर उभे धावदोरे घालत बसले, एक अख्खा नोव्हेंबर. गोधडी टाचली की आक्रसते हे ज्या बाईने लहानपणी आजीशेजारी बसून सुया ओवल्यात तिला माहीत असायला हवं होतं ना. नाही आठवलं. छातीत आठ सेंटिमीटर कमी भरलं आणि ते गॅम्बेसन आता एका मैत्रिणीचा बारा वर्षांचा मुलगा घालतो. म्हणून कापड मापापेक्षा बरंच मोठं घ्या, थर पसरून मोठ्या टाक्यांनी कच्चं टाचा, धावदोरे मधून बाहेरच्या बाजूला घाला म्हणजे गोळे होत नाहीत, आणि सगळं टाचून झाल्यावर खडूने आखून कापा.

दुसरी गोष्ट मुंढा, म्हणजे बाही जोडतो तो घेर. सगळ्यांना वाटतं की हात मोकळा हवा तर मुंढा मोठा ठेवावा. उलट आहे. मुंढा काखेत वर आणि घट्ट हवा आणि बाही वरून रुंद हवी. शार्ल द ब्लुआ हा फ्रेंच सरदार १३६४ मध्ये लढाईत मेला, त्याचं म्हणून ओळखलं जाणारं रेशमी जाकीट फ्रान्समध्ये लियाँच्या म्युझियममध्ये आहे, त्याची बाही बघा, छातीपर्यंत आणि पाठीपर्यंत मोठा गोल घेऊन बसवलीय. टेस्ट सोपी: दोन्ही हात डोक्यावर न्या. खालची कड वर सरकली तर मुंढा परत उसवा. कंटाळा आला तरी उसवा.

पुढे बंद करायला कापडी बटणं किंवा दोऱ्या. दोऱ्यांची भोकं काजासारखी दोऱ्याने विणून घ्या, पत्र्याची आयलेट ठोकू नका, ती खूप नंतरची.

कड्यांचं चिलखत

प्रत्येक कडीत चार शेजारच्या कड्या, हाच साधा नमुना. तारेची कडी नुसती वाकवून मिटवलेली असेल तर ती पहिल्या दणक्याला उघडते, म्हणून रिव्हेट केलेलीच (टोकांतून बारीक खिळा ठोकून बंद केलेली) घ्या. स्वतः करायचीच हौस असेल तर सव्वा-दीड मिलिमीटरची तार आठ मिलिमीटरच्या सळीवर स्प्रिंगसारखी गुंडाळा, टोकं एकमेकांवर येतील अशा कड्या कापा, तापवून हळूहळू गार होऊ द्या म्हणजे नरम पडतात, ऐरणीवर टोकं चपटी करा, भोक पाडा, चार शेजारणींमधून ओवा, बारीक खिळा घालून ठोका. गॅल्व्हनाइज्ड तार तापवू नका, जस्ताचा धूर विषारी असतो. आणि कापताना गॉगल घाला, तुकडा डोळ्याच्याच दिशेने उडतो.

पण हिशोब करा. एका अंगरख्याला वीस हजाराच्या आसपास कड्या, मिनिटाला एक धरली तरी तीनशेहून जास्त तास. मी हातभर तुकडा केला आणि मुकाट्याने तयार घेतलं. पार्सल उघडलं तर आत चिठ्ठी, मेड इन इंडिया. युरोपातल्या रीएनॅक्टमेंटवाल्यांच्या अंगावरचं कितीतरी चिलखत आपल्याकडून येतं, आणि आपल्याला ही वस्तू नवीन पण नाही, जिरेटोपातलं जिरे म्हणजे फारसीत कड्यांचं चिलखतच.

तयार घेतलं तरी ते टेलरिंग मागतं. विकत मिळतं ते पोत्यासारखं असतं. काखेतल्या कड्या कमी करा, कमरेत दोन्ही बाजूंनी रांगा काढा, कडा मोजून कापायच्या आणि नव्या रिव्हेट कड्यांनी जोडायच्या, दोन पकडी पुरतात. माझं या कामात किलोभर वजन उतरलं, चिलखताचं.

पत्र्यांचा कोट

विस्बीचं खरं वैशिष्ट्य हे. बाहेरून चामडं किंवा जाड कापड आणि आतून रिव्हेट केलेले लोखंडी पत्रे, म्हणजे बाहेर फक्त रिव्हेटची डोकी दिसतात. पुठ्ठ्याचे तुकडे कापून जुन्या टी-शर्टवर चिकटवून आधी पॅटर्न करा, त्यात खाली बसून बघा, बसल्यावर पत्रा मांडीला किंवा हनुवटीला टोचला तर छोटा करा. मग दीड मिलिमीटरचं साधं पोलाद, प्रत्येक कड कानशीने गुळगुळीत. बक्कल पाठीवर येतात त्यामुळे एकट्याने घालता येत नाही, मैत्री हवी.

हातपायांचं विसरू नका. त्या खड्ड्यांतल्या सांगाड्यांवर नडगीच्या हाडावर घावच घाव आहेत. आमचे खेळ बोथट तलवारींनी चालतात तरी नडगीवर बसलेली काळीनिळी खूण महिनाभर ऑफिसात लपवावी लागते.

घालायचा क्रम

ब्रे, होज, लिननचा सदरा, अंगरखा, गॅम्बेसन. मग केस. वेणी घालून लिननच्या टोपीत पूर्ण बंद करा. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही, कड्यांत मानेवरचे केस अडकले आणि दोन जणांनी मला तंबूत कात्रीने सोडवलं. चष्मा काढून ठेवा, कॉन्टॅक्ट लेन्स लावा.

चिलखत जमिनीवर किंवा टेबलावर पोट खाली ठेवून पसरा, खालून दोन्ही हात बाह्यांत घाला, डोकं गळ्याकडे न्या आणि सरळ उभ्या राहा, बाकीचं ते स्वतःच घरंगळत खाली येतं. आता कमरेला पट्टा घट्ट बांधा आणि चिलखत वर ओढून पट्ट्यावर थोडं सैल सोडा. हे केलं की खांद्यावरचं निम्मं ओझं कमरेवर जातं. पट्ट्याशिवाय अर्धा तास आणि पट्ट्यासह पूर्ण दुपार, इतका फरक. मग पत्र्यांचा कोट, शेवटी आत गादी असलेलं शिरस्त्राण.

हे सगळं घालण्याआधी बाथरूमला जाऊन या. पाणी तहान लागायच्या आधी प्या, ऑगस्टमध्ये स्वीडनला पण ऊन लागतं, आणि चक्कर आल्यासारखं वाटलं तर लाज न बाळगता आधी शिरस्त्राण काढा, टाळू गार झाली की बरं वाटतं.

काढताना कोणाला ओढायला सांगू नका. पट्टा सोडा, कमरेतून वाका, हात जमिनीकडे सोडा आणि पावसात भिजलेल्या कुत्र्यासारखं अंग झटका. चिलखत आपल्याच वजनाने डोक्यावरून उतरतं. घाम लागलेल्या कड्या रात्रभर तशाच ठेवल्या तर सकाळी तांबडी साय धरते, म्हणून फडक्याने पुसून पातळ तेलाचा हात फिरवा. गंज धरलाच तर एका डब्यात कोरडी वाळू आणि चिलखत घालून गडगडवत बसा, जुन्या काळी पिंपात घालून हेच करायचे, आमच्याकडे हे काम पोरांना दिलं तर फुकटात होतं.

गॅम्बेसन मशीनमध्ये टाकू नका, कापसाचे गोळे होतात. उलटं करून दोन दिवस उन्हात. ऊन नसेल तर बाल्कनीत, आणि शेजारच्या बाईंनी हे काय म्हणून विचारलं तर सरळ गोधडी म्हणून सांगा.